पाटलाच्या अंगणातली रुई

रुई कुणी लावत नाही. ती आपली येते. उकिरड्यावर येते, पडक्या भिंतीत येते, गायरानात माणसाच्या उंचीची होते. तिच्या पानांना शेळी तोंड लावत नाही आणि चीक डोळ्यात जाईल म्हणून आया पोरांना तिच्याजवळ जाऊ देत नाहीत. शनिवारी मारुतीला वाहायला चार पानं तोडली की बाकी दिवस तिची कुणी विचारपूस करत नाही. अशा झाडाला आळं करून, शेणखत घालून, तांब्या-तांब्यानं पाणी पाजून वाढवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो माणूस माझा नवरा व्हायचा होता.

तो आमच्या गावचा माली पाटील. निजामाच्या राज्यात सारा गोळा करणाऱ्या पाटलाला माली पाटील म्हणत. सारा सरकारचा, पण ऐट सगळी पाटलाची. चाळिशी कधीच उलटली होती, मिशीला काजळी लावायचा, आणि उन्हात घाम आला की ती काजळी ओठांवर उतरायची. कुणी त्याला ते सांगायचं नाही. त्याच्या दोन बायका मेल्या होत्या, दोघी बाळंतपणात, आणि दोघींच्या पोटातली लेकरंही गेली होती. आता त्याला वारस पाहिजे होता, म्हणजे तिसरी बायको पाहिजे होती. ती म्हणून माझं नाव पक्कं झालं तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची होते.

पक्कं केलं माझ्या बापानं. आमचं शेत बेताचं, पण बापाची बसण्या-उठण्याची जागा पाटलाच्या ओसरीवर. पाटील हसला की हा हसायचा. पाटील खोकला की ह्याच्या घशात खवखव व्हायची. पाटलाचा सासरा होण्याचं स्वप्न त्याला पडलं आणि त्यानं ते मला न विचारता, मायला न विचारता, पाटलाच्या ओसरीवरच पुरं करून टाकलं. घरी येऊन मायला म्हणाला, "पोरीनं नशीब काढलं बघ." माय भाकरी थापत होती. तिनं थापलेली भाकरी पुन्हा गोळा केली आणि पुन्हा थापली, एवढंच.

मधे एक अडचण होती. ज्याच्या दोन बायका मेल्या त्याची तिसरीही जगत नाही, अशी आमच्याकडं समजूत. त्यावर तोडही ठरलेली. तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं. झाडाला हळद-कुंकू, मंगळसूत्र, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं रीतसर. तिसरीवर जी काय पीडा यायची ती झाडावर जाते आणि मग खरी बायको येते ती चौथी ठरते. चौथीला धोका नाही. म्हणजे मोजणीत यमाला फसवायचं. सबंध जगाचा हिशेब ठेवणाऱ्याला बाई आणि झाड यांतला फरक कळणार नाही, अशी ह्या शहाण्यांची खात्री होती.

दुसरा कुणी असता तर एखाद्या रविवारी सकाळी भटजीला घेऊन गायरानात गेला असता, मान खाली घालून ते उरकून आला असता आणि पुन्हा त्याचा विषय काढला नसता. आमच्या पाटलाला ते कमीपणाचं वाटलं. "पाटलाची वरात उकिरड्यावर जानार व्हय?" असं त्यानं ओसरीवर विचारलं, आणि माझ्या बापानं लगेच मान हलवली, "न्हाई, न्हाई, ते काई बराबर दिसत न्हाई." मग ठरलं की रुई पाटलाच्या अंगणातच आणायची.

पहिल्यांदा गायरानातली एक चांगली फुलावर आलेली रुई खणून आणली. तिचं मूळ जमिनीत इतकं खोल गेलेलं की खणणाऱ्यांनी कंटाळून ते अर्ध्यात तोडलं. वरचं झाड वाजतगाजत आणून अंगणात रोवलं. ते वाळून गेलं. मग दुसरी आणली, जरा लहान. तिच्या बुडाशी पाटलानं गाडीभर शेणखत ओतलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, कारण पाटलाच्या घरी आलेल्याला कमी पडता कामा नये. कुठंही, कशावरही जगणारी ती रुई पाटलाच्या लाडानं कुजून मेली. गावातल्या बाया विहिरीवर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "दोन न्हाई, चार मेल्या म्हना की आता पाटलाच्या." मी घागर भरत होते. माझ्याकडं बघून त्या गप्प झाल्या.

तेव्हा माझ्या बापाला अक्कल सुचली. त्याचं म्हणणं, वाटेवरची कुठलीही रुई उचलून आणली हीच चूक झाली. पाटलाच्या घरी यायची ती चांगल्या ठिकाणची पाहिजे. घराणं बघायला पाहिजे. कळमनुरीच्या बाजाराहून पुढं तो कशाला तरी वारंग्याकडं गेला होता, तिथं वाटेवर एका मारुतीच्या देवळामागं त्याला एक रुई दिसली. भोवती दगडाचा पार, पुजाऱ्यानं निगा राखलेली. दिवस उन्हाळ्याचे होते, झाडावर फूल एकही नव्हतं, नुसत्या शेंगा तडकून त्यातून म्हाताऱ्या उडत होत्या. पोरं वाऱ्यावर उडणाऱ्या कापसासारख्या बियांना म्हातारी म्हणतात, त्याच. बापानं एक न फुटलेली शेंग धोतराच्या सोग्यात बांधून आणली. माझ्यासाठी स्थळ बघताना त्यानं एवढी चौकशी केली नव्हती.

कळमनुरीहून एक शास्त्री आले होते. त्यांनी रुजवलेल्या झाडाला आक्षेप घेतला नाही, पण एक अट घातली. "फूल आल्याशिवाय जात कळत नाही. पान सारखं, चीक सारखा. फूल बघू, मग मुहूर्त काढू." पाटलानं मान डोलावली. शिवाय त्याच सुमारास सिंहस्थ लागला आणि वर्षभर लग्नंच बंद झाली. त्यामुळं घाई कुणालाच नव्हती. पावसाळ्यात बी रुजलं, चार पानं आली, आणि पाटलाच्या अंगणात ते रोपटं आणि आमच्या घरात मी, अशा दोघी एका माणसासाठी वाढायला लागलो.

ह्या वाढवण्याचा तमाशा मी रोज बघत होते, कारण विहिरीची वाट पाटलाच्या दारावरून जायची. दोनदा हात पोळल्यामुळं पाटील आता पाणी मोजून घालत होता. सकाळी अंघोळ झाली की उघड्या अंगानं तांब्या घेऊन यायचा आणि झाडाच्या बुडाशी एक धार सोडून मागं सरायचा. काटेरी कुंपण घातलं होतं, शेळ्या येऊ नयेत म्हणून. शेळ्या मुळात येणारच नव्हत्या. रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या येतात आणि पानं कुरतडतात. त्या वेचायला त्यानं एक गडी ठेवला. एकदा पिवळा मावा पडला, तर पाटलाची आत्या राखेचं गाडगं घेऊन एकेका पानाला पुसत बसली. ही आत्या विधवा होती, पाटलाचं घर तिच्या मुठीत होतं, आणि आधीच्या दोन सुनांच्या अंगावरून तिनं कधी मायेनं हात फिरवला असेल असं गावात कुणाला वाटत नव्हतं. रुईची पानं मात्र ती लेकराचं तोंड पुसावं तशी पुसायची.

माझा बाप दर चार दिवसांनी झाड बघायला जायचा आणि घरी येऊन वीत पसरून दाखवायचा, एवढं वाढलं. पान असं जाड झालं. बुडाला साल धरली. मायला म्हणायचा, "तुजं तोंड काहून वाकडं? पाटील तुज्या लेकीसाठी एवढी तकलीफ करून राहिला." खरंच वाटायचं त्याला तसं. त्याला वाटायचं की पाटील माझ्यासाठी झाड वाढवतोय.

मलाही काही दिवस तसंच वाटलं, हे सांगायला हरकत नाही. मरण झाडावर जाणार असेल तर झाड लवकर वाढो, असं मनात यायचं. एकदा कापूस वेचताना मी मायला विचारलं, "माय, रुईसंगं लगीन लागल्यावर मी मरनार न्हाई ना?"

माय ओटी सोडून सरळ उभी राहिली. म्हणाली, "त्या दोगी कशानं मेल्या, ठाव हाय का तुला?"

मला ठाऊक होतं ते गावाला ठाऊक होतं तेवढंच. दोघी बाळंतपणात गेल्या.

"बाळंतपनात सगळ्याच बाया जातात काय?" माय म्हणाली. "मी तुमा चौगा लेकरायची माय, मी गेले का?"

मग तिनं सांगितलं. आमच्या गावात बाळंतपणं करायला एकच बाई होती, पिंजाऱ्याच्या घरातली मुसलमान म्हातारी. सगळे तिला दाई म्हणत. मी तिच्याच हातावर जन्मले, माझी भावंडंही. आडवं लेकरू ती पोटावरून हात फिरवून सरळ करायची, हे मायनं स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. पण पाटलाच्या घरात दाई जात नव्हती. पाटलाच्या बायका असल्या हातानं बाळंत होत नाहीत, असं त्याचं म्हणणं. घरचं घरात. म्हणजे आत्या, एक बंद खोली आणि देवाचा अंगारा. पहिलीच्या वेळी दाई आपण होऊन गेली होती, दारात उभी राहिली आणि परत आली. दुसरीच्या वेळी ती गेलीच नाही. आत्यानं दोघींना आपल्या पद्धतीनं बाळंत केलं आणि दोघींना आपल्याच हातानं न्हाऊ घालून तिरडीवर ठेवलं.

"आता समजलं?" माय म्हणाली आणि पुन्हा वाकून कापूस वेचायला लागली. त्या दिवसापासून झाड वाढू नये असं मला वाटायला लागलं. त्याला फूल आलं की मुहूर्त, मुहूर्त आला की ती खोली. मी एवढी मोठी घोडी झाले होते, पण बापाला जाऊन विचारायची माझी छाती नव्हती, आणि विचारून उपयोगही नव्हता. ज्याला पाटलाच्या खोकल्यानं घसा धरतो त्याला मुलीच्या मरणानं काय होणार होतं?

दुसरा पावसाळा सरला आणि झाडाला कळ्यांचे घोस धरले. विहिरीवरून येताना मी कुंपणाजवळ घागर टेकवली आणि नीट बघितलं. आमच्या बांधावर रुईची झाडं होती, त्यांच्या कळ्या मला पाठ होत्या. कळी मिटलेली असली तरी तिच्या टोकाला जांभळट झाक असते. ह्या कळ्या नुसत्या हिरवट-पांढऱ्या होत्या. देठसुद्धा फिकट. मी घागर उचलली आणि घरी येऊन मायच्या कानात सांगितलं. माय माझ्याकडं बघत राहिली आणि मग फसकन हसली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती.

"गप ऱ्हा," म्हणाली. "कुनाला सांगू नको. फुलू दे."

फुललं. शास्त्र्यांना बोलावणं गेलं, बाप नवीन धोतर नेसला, ओसरीवर चार प्रतिष्ठित माणसं जमली. आम्ही बाया-पोरी बाहेर वाटेवर उभ्या होतो. शास्त्री झाडाजवळ गेले, घोसातलं एक फूल तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. फूल पांढरंशुभ्र होतं. जांभळेपणाचा ठिपका म्हणून नव्हता.

"पाटील," शास्त्री म्हणाले, "ही रुई नव्हे. हा मांदार."

"म्हंजी?"

"मांदार म्हणजे साक्षात गणपती. ह्याच्या मुळात गजानन असतो. ह्याच्याशी लग्न कसं लावायचं?"

ओसरीवर कुणीतरी हसू दाबताना ठसकला. पाटलानं दोन पावसाळे ज्याला बायको म्हणून पाणी घातलं, ज्याच्या अंगावरच्या अळ्या वेचल्या, आत्यानं सून म्हणून ज्याचं तोंड पुसलं, तो गणपती निघाला. पाटलानं माझ्या बापाकडं बघितलं. बापाचं घराणं बघून आणलेलं स्थळ होतं ते. बापाच्या तोंडचं पाणी पळालं, पण लाचार माणसाची जीभ कधी थकत नाही. तो म्हणाला, "फूल कवळं हाय अजून. उन्हानं रंग चढंल."

आणि खरंच, सगळे दोन-तीन दिवस थांबले. पांढरं फूल उन्हानं जांभळं होण्याची एवढी मोठमोठी माणसं वाट बघत बसली. मी रोज जाता-येता बघत होते. पाटील सकाळी उघड्या अंगानं उभा राहून फुलाकडं डोळे बारीक करून बघायचा. फुलं सुकली, नवी आली, तीही पांढरी.

पुढची मजा अशी की आता ते झाड तोडताही येईना. गणपतीला कुऱ्हाड लावायची कुणाची हिंमत? गावातल्या बायांना बातमी लागली तशा त्या चतुर्थीला ताटं घेऊन पाटलाच्या अंगणात यायला लागल्या. दुर्वा, गूळ-खोबरं, आरती. पाटलाला कुंपण काढावं लागलं आणि जिला तो बायको करणार होता तिच्या पाया पडावं लागलं. विहिरीवर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. माणूस असा गावभर हसू करून घेतो तेव्हा त्याची कीव यावी, पण मला आली नाही. मला वाटत होतं, सुटले.

सुटले नव्हते. शास्त्र्यांकडं दुसरी तोड तयारच होती. गायरानाच्या कडेला, उकिरड्यावर, खात्रीची रुई होती. फुलावर होती. येत्या रविवारी तिथं उरकायचं आणि त्याच आठवड्यात घरचं लग्न. हे ठरवायला पाटील आणि शास्त्री आमच्या घरी आले. पाटील आमच्या घरी आला हा मान बापाला पेलवेना. बसायला घोंगडी कुठं टाकू आणि कुठं नको असं त्याला झालं. मी आत चुलीपाशी होते. माय दाराच्या आड उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, आणि मला वाटलं ती रडतेय.

शास्त्री म्हणाले, "एकदा रुईशी अर्कविवाह झाला की मुलीला काही भय नाही. ती चौथी."

तेव्हा माय दारात आली. पदर तसाच होता, पण आवाज ओसरीच्या बाहेर वाटेवर जाईल असा होता.

"पाटील, एक इचारते. तुमची दुसरी दुसरी व्हती म्हनून मेली म्हना. पयली तर पयलीच व्हती. ती कशानं मेली?"

बाप म्हणाला, "अगं ए, आत जा."

"दाई तुमच्या दारात उभी व्हती अन् तुमी तिला उंबरा वलांडू देल्ला न्हाई. झाडाला पानी घालता, बाईला दाई देत न्हाई. अन् वर तिसरी-चौथी मोजत बसता! माजी पोरगी झाडाच्या भरवशावर मी देनार न्हाई. दाईला घरात घेतो म्हना, आत्ता देते."

एवढं सोपं मागणं होतं. हो म्हटला असता तर आज मी पाटलीण असते. पण पाटलाच्या जातीच्या माणसांना मरण चालतं, माघार चालत नाही. तो उठला. काजळी ओठांवर उतरली होती. म्हणाला, "बायकांच्या तोंडी लागायला मी आलो न्हाई. असल्या तोंडाच्या घरची पोरगी मला नको." आणि गेला. शास्त्री मागोमाग गेले. बाप दारापर्यंत हात जोडत धावला, परत आला आणि त्यानं मायला मारलं. मायनं मार खाल्ला आणि चूल फुंकली. मी सुटले ती अशी. झाडानं सोडवलं नाही, देवानं नाही, मायच्या एका वाक्यानं सोडवलं.

पाटलानं वसमतकडची एक मुलगी बघितली. आई-बाप नव्हते, चुलत्यानं दिली. विचारणारं कुणी नसलं की सोयरीक झटपट जमते. ह्या वेळी पाटील मुकाट्यानं उकिरड्यावर गेला, आणि सबंध गाव बघायला गेलं. रुईला पिवळं कापड गुंडाळलं होतं. पाटील पाटावर उभा, बाशिंग बांधून, आणि मधे अंतरपाट. लग्न म्हटलं की मुलीचा बाप लागतो. कन्यादान करायला झाडाचा बाप कोण होणार, असं शास्त्र्यांनी विचारलं. गर्दीतून माझा बाप पुढं झाला. पाटलाचा सासरा व्हायची त्याची हौस अशी फिटली. त्यानं रुईची फांदी हातात धरून पाटलाच्या हातात दिली, आणि शपथेवर सांगते, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षभर पाटलानं बोलणं टाकलं होतं त्याच्याशी. त्या दिवसापासून पुन्हा ओसरीवर जागा मिळाली.

मुलगी आली ती माझ्याच वयाची. विहिरीवर यायची तेव्हा तिच्याबरोबर आत्या असायची, पण एकदा एकटी आली. मला हळूच विचारलं, "माज्या आदी जिच्यासंगं लगीन लागलं ती सवत कुटं ऱ्हाते?" मी उकिरड्याकडं बोट दाखवलं. तिनं बघितलं, तिथं एक म्हैस अंग घासत उभी होती. ती इतकी हसली की तिच्या हातातला दोर सुटून पोहरा विहिरीत गेला. तो काढायला आम्ही दोघी गळ टाकून बराच वेळ खटपट करत होतो आणि मधेच पुन्हा हसत होतो. तिचं हसणं मला आवडलं. तेव्हाच तिला दाईचं सांगायला पाहिजे होतं असं नंतर कुणी मला म्हणालं. सांगून ती काय करणार होती? तिच्या मागं उभी राहायला माय नव्हती.

पुढं मला वसमतला दिलं, हळदीच्या आडतीवर लिहिणं करणाऱ्या एका माणसाला. साधा माणूस. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं आणि वाटेनं जायची माणसं भीत होती, पण मायनं गाडी पाठवून मला आणलंच. दाई आता फार म्हातारी झाली होती. माझी मुलगी पायाकडून येत होती. दाईनं ते कसं केलं मला कळलं नाही, मला फक्त तिचा आवाज आठवतो, "हौ माँ, हौ, झालंच." मुलगी रडली तेव्हा माय दाईच्या गळ्यात पडली.

माझ्या मुलीचं बारसं व्हायच्या आत पाटलिणीला कळा लागल्या. पहिला दिवस गेला, दुसरा उजाडला, आणि तिचं ओरडणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायला लागलं. मायनं हातातलं काम टाकलं. दाईला सोबत घेतलं आणि भरदुपारी पाटलाच्या दारात गेली. मला ते मायनं परत आल्यावर सांगितलं, आणि आयुष्यभर त्यात एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

पाटील ओसरीवर बसला होता. माय म्हणाली, "मला मारा, शिव्या द्या, पन दाईला आत जाऊ द्या." पाटील चिडलासुद्धा नाही. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "काहून घाबरता? ही तिसरी न्हाई, चौथी हाय. रुईसंगं लगीन लागलंय माजं, समद्या गावानं बघितलं. हिला काई व्हत न्हाई. उगं परकं मानूस घरात काहून घालू?"

पहिल्या दोघींच्या वेळी त्याच्या मनात निदान थोडी भीती असेल. ह्या वेळी तीही नव्हती. झाडानं तेवढी काढून घेतली होती. दाई दाराबाहेर बसून राहिली, माय उभी राहिली. आतलं ओरडणं हळूहळू कमी झालं आणि दिवस कलताना थांबलं. लेकराचं रडणं आलं नाही. दाई परत आली ती आमच्या दारात बसली आणि म्हणाली, "अंदरच नै जाने दिये, बाई," आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली.

मला वाटलं होतं, आता तरी कुणी काही बोलेल. दिवसकार्य उरकल्यावर आमच्या ओट्यावर माणसं जमली आणि बोलायला लागली. मी आत मुलीला पाजत होते, सगळं ऐकू येत होतं. ती कशी मेली, दाराबाहेर कोण बसलं होतं, ह्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. एकजण म्हणाला, चौथी मेली म्हणजे ती चौथी नव्हतीच, तिसरीच होती. म्हणजे झाडाचं लग्न लागलंच नव्हतं. दुसरा म्हणाला, ती उकिरड्यावरची रुई आपण नीट बघितली नाही, तिचं फूल फिकं होतं, पार जांभळं नव्हतं, त्यात मांदाराची भेसळ असणार. तिसरा आत्ताच जाऊन फूल तोडून आणतो म्हणाला, आणि गेलाही. ते फूल हातोहात फिरलं. एकानं जांभळं म्हटलं, एकानं पांढरट. पाकळी कशी वळते, कळी कशी असते, ह्यावर तावातावानं वाद झाला.

मग माझ्या बापाचा आवाज आला. इतका दुखावलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. मी पाटलाच्या घरी जाणार होते तेव्हाही नाही, माझी मुलगी पायाकडून आली तेव्हाही नाही.

"काई बी बोलू नका," तो म्हणाला. "म्या कन्यादान केलंय तिचं. माज्या पोरीत खोट नव्हती."